सारखे थेंब

असोद्याच्या भरिताच्या वांग्यांना पाणी पाटाने द्यावे की ठिबकने, हा वाद शेतकऱ्यांनी घालावा. माझा विषय तोटीला लोंबणारा थेंब आहे. तो फुगत जातो, पृष्ठताणाला त्याचे वजन पेलेनासे झाले म्हणजे मान बारीक होते आणि तो तुटतो. तोंड तेच, पाणी तेच, म्हणून थेंबही जवळजवळ तेवढाच.

परंतु थेंब अष्टमांश मिलिमीटरचा हवा असेल तर? व्यास निम्मा झाला की वजन आठपट घटते, पृष्ठताणाची पकड मात्र निम्मीच. एवढ्याशा थेंबाला वजन ते किती! तो स्वतःच्या भाराने तुटायचा नाही. तेलात पाणी घुसळावे, तर लहानमोठ्या गोळ्यांचा बाजार भरतो.

२००१ साली अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत थॉर्सन, क्वेक प्रभृतींनी निराळी युक्ती दाखवली. केसासारख्या बारीक नालीतून तेल वाहते. तिला काटकोनात पाण्याची नाली मिळते. पाण्याची जीभ पुढे सरकून तेलाची वाट अडवते. ढेकूळ अडकल्यावर पाटाचे पाणी तुंबावे तसा मागे तेलाचा दाब वाढतो आणि पाण्याची मान दाबून तोडतो. वाट मोकळी होते, पाणी पुन्हा शिरते. सेकंदाला शेकडो वेळा. तेलाचा वेग वाढवला की थेंब लहान होतो. इतक्या अरुंद जागी चिकटपणापुढे खळखळ उठतच नाही, म्हणून हजारावा थेंब पहिल्यासारखाच. (गंमत अशी, की ठिबकच्या तोटीतली नागमोडी वाट मुद्दाम खळखळ उठवण्यासाठीच असते.) थेंब पुन्हा एकजीव होऊ नयेत म्हणून तेलात साबणाच्या जातीचा पदार्थ घालतात.

एवढा खटाटोप कशाला? कर्करोग्याच्या रक्तात बिघडलेल्या जनुकाचे रेणू फार थोडे असतात. ते मोजण्यासाठी २० मायक्रोलिटर द्रवाचे, म्हणजे डोळ्यात घालायच्या औषधाच्या अर्ध्या थेंबाचे, सुमारे २०,००० थेंब करतात. तापवण्या-निववण्याच्या फेऱ्यांनंतर रेणू असलेला थेंब चमकतो, रिकामा अंधारा राहतो. १०,००० अंधारे निघाले, तर रेणू १०,००० नव्हेत. काही थेंबांत दोन-तीन सापडलेले असतात. संभाव्यतेच्या गणिताने उत्तर येते सुमारे १३,९००.

हे गणित थेंब समान मानूनच होते. थेंबाचा व्यास धरलेल्या मापाहून १० टक्क्यांनी मोठा असला, तर घनफळ ३३ टक्क्यांनी वाढते, आणि उपचार लागू पडतो आहे की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरापुढे तेवढाच फुगलेला आकडा जातो.