बैलाची खोड सांगावी की लपवावी? ॲरिस्टॉटलचं उत्तर

लातूर जिल्ह्यातली देवणी ओळखली जाते तिथल्या देशी गोवंशासाठी. समजा, तिथला एक शेतकरी आपला देवणी बैल विकतोय. बैल देखणा आहे, पण औताला जुंपला की मध्येच बसतो. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नाही आणि घरात पैशाची नड आहे. सांगावं का?

'खोटं बोलू नये' हा झाला नियम. 'सांगितलं तर नुकसान किती?' हा झाला हिशेब. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) वेगळ्याच बाजूने बघतो: असं वागून मी कसा माणूस होतोय?

'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथात तो सांगतो की सद्गुण जन्मजात नसतात, ते सवयीने अंगी मुरतात. घरं बांधून बांधून गवंडी तयार होतो, तसं न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो. खोड लपवायचीही अशीच सवय लागते.

सद्गुण मुरला हे कशावरून ओळखायचं? चांगलं वागणं जिवावर येत नाही, उलट समाधान देतं. सुरुवातीला मात्र जीभ अडखळते. बैलाचे पैसेही कमी येतील, हे नुकसान खरंच आहे. पण पुढच्या वेळी खरं सांगणं थोडं सोपं जाईल.