दुग्धशाळेची फरशी वर्षभरात का उखडते? रेझिन फ्लोअरिंग निवडताना काय पाहावे?

नव्या दूध प्रक्रिया प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या दिवशी फरशी आरशासारखी चकाकत असते. एक पावसाळा जातो आणि पाश्चरायझरच्या पायथ्याशी, नाल्याच्या कडेला, कॅन धुण्याच्या जागी पोपडे सुटू लागतात. मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार ‘काँक्रीटलाच ओल होती’ म्हणतो आणि उत्पादन थांबवून फरशी पुन्हा करण्याची वेळ येते. नव्याने फरशी करण्याचा खर्च एक, पण प्रकल्प बंद ठेवण्याचा खर्च त्याहून मोठा ठरतो. दूध काही थांबत नाही, ते रोज दोन वेळा येतच राहते. असे का होते आणि ते टाळता येते का?

रेझिन फ्लोअरिंग म्हणजे काय?

सिमेंटच्या कोब्यावर द्रवरूप रसायनाचा थर ओतून तो जागेवरच घट्ट होऊ दिला, की सलग, बिनसांध्याची फरशी तयार होते. यात रेझिन आणि हार्डनर असे दोन मुख्य घटक असतात. ते ठरलेल्या प्रमाणात मिसळले, की रासायनिक प्रक्रिया सुरू होते आणि मिश्रण कडक होते. घरात तुटलेली वस्तू जोडण्यासाठी दोन नळ्यांतील अराल्डाइट एकत्र कालवतात, त्याच जातकुळीचे हे रसायन. कालवलेले मिश्रण ठरावीक वेळेतच वापरावे लागते. उन्हाळ्यात हा वेळ आणखी कमी होतो.

शहाबादी, कोटा किंवा सिरॅमिक टाइल्स मजबूत असतात, पण त्यांच्यामधले सांधे दुबळे असतात. सांध्यातले सिमेंट झिजले की तिथे पाणी, दूध आणि जंतू साचतात. लिस्टेरियासारखे जिवाणू तर थंड खोलीच्या तापमानातही वाढू शकतात आणि ओले नाले, भेगा हे त्यांचे आवडते ठिकाण. म्हणूनच अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या परवाना नियमांतील परिशिष्ट ४ अन्न व्यवसायांच्या जागेची जमीन, भिंती आणि छत सुस्थितीत व स्वच्छ करायला सोपे असावे, असे सांगते. औषध कारखान्यांसाठीचे शेड्यूल एम गुळगुळीत, भेगाविरहित पृष्ठभागावर भर देते. सलग फरशीचा आग्रह येतो तो यातून.

दूध सिमेंटला खाते, ते कसे?

ताजे दूध सांडले तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते नंतर. सांडलेले दूध आंबले की लॅक्टिक आम्ल तयार होते. चक्का, पनीर किंवा चीज करताना निघणारी निवळीही आम्लधर्मी असते. या आम्लाची सिमेंटमधल्या चुन्याच्या संयुगांशी क्रिया होऊन पाण्यात विरघळणारे क्षार बनतात आणि रोजच्या धुण्यात ते वाहून जातात. सिमेंट असे हळूहळू निघून गेले, की खडी उघडी पडते आणि जमीन खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची होते.

त्यात भर पडते ती धुण्याच्या रसायनांची. पाइप व टाक्या न उघडता आतून धुण्याच्या पद्धतीत, म्हणजे सीआयपीमध्ये, गरम कॉस्टिक सोडा आणि नायट्रिक आम्ल आलटूनपालटून फिरवतात. कुठल्या तरी व्हॉल्व्हमधून ते जमिनीवर ठिबकतेच. एकाच जागेला आम्ल, अल्कली, उकळते पाणी आणि कॅनची आदळआपट असे सगळे सोसावे लागते.

इपॉक्सी की पॉलियुरेथेन काँक्रीट?

बाजारात ‘इपॉक्सी’ हा शब्द सगळ्याच रेझिन फरशांसाठी सर्रास वापरला जातो आणि घोळ तिथेच होतो.

इपॉक्सी काँक्रीटला उत्तम चिकटते, गुळगुळीत दिसते आणि अनेक रसायनांना पुरून उरते. गोदाम, पॅकिंग विभाग, यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कोरडा कारखाना, प्रयोगशाळा, शोरूम अशा ठिकाणी ती योग्य. पण तिला तीन गोष्टी मानवत नाहीत. एक, उष्णता. नेहमीची इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. दोन, लॅक्टिक, अॅसेटिक यांसारख्या सेंद्रिय आम्लांचा सततचा संपर्क. तीन, ऊन. उन्हात ती पिवळी पडते.

उष्णतेचा प्रश्न फक्त मऊ पडण्यापुरता नाही. तापले की सगळेच पदार्थ प्रसरण पावतात, पण इपॉक्सी काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. उकळते पाणी पडले की वरचा थर पसरू पाहतो, खालचे काँक्रीट जागच्या जागी राहते. लगेच गार पाणी पडले की थर आकसतो. ही ओढाताण रोज चालली, की एक दिवस थर सुटतो.

पॉलियुरेथेन काँक्रीट म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन, सिमेंट आणि वाळू यांचे मिश्रण. त्याचे प्रसरण काँक्रीटच्या बरेच जवळ जाणारे असल्यामुळे ही ओढाताण कमी होते. सेंद्रिय आम्लेही ते चांगली सोसते. दुग्धशाळा, मांस व मासळी प्रक्रिया, मोठी स्वयंपाकघरे, पेयनिर्मिती अशा ओल्या आणि गरम जागांसाठी म्हणूनच त्याची शिफारस होते. ते दिसायला इपॉक्सीइतके चकचकीत नसते आणि महागही पडते.

एमएमए नावाचा तिसरा प्रकार एक-दोन तासांत घट्ट होतो आणि कडाक्याच्या थंडीतही लावता येतो. बंद ठेवता न येणाऱ्या शीतगृहाच्या दुरुस्तीला तो उपयोगी. मात्र लावताना त्याचा वास उग्र असतो, त्यामुळे खाद्यपदार्थ आधी हलवावे लागतात.

सगळीकडे एकच फरशी कशाला?

जाडी ठरते ती जागेच्या वापरावरून. रंगासारखा पातळ लेप अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. तो धूळ रोखतो, मार सोसत नाही. स्वतःहून समतल होणारी इपॉक्सी साधारण २ ते ३ मिलिमीटरची असते. पॉलियुरेथेन काँक्रीट ४ ते ९ मिलिमीटर जाड घालतात. ६ मिलिमीटरचा थर साधारण ८० अंशांच्या सांडपाण्याला पुरतो. वाफेने धुण्याच्या जागी ९ मिलिमीटर लागतो.

यातूनच खर्च वाचवण्याचा मार्ग निघतो. प्रक्रिया विभाग आणि कॅन धुण्याची जागा यांना जाड पॉलियुरेथेन काँक्रीट, कोरड्या पॅकिंग विभागाला इपॉक्सी, कार्यालयाला साध्या टाइल्स. सगळीकडे स्वस्त थर घातला तर ओला भाग उखडतो. सगळीकडे महाग घातला तर पैसे वाया जातात.

खरा घात खालच्या काँक्रीटमध्ये

रेझिन कितीही चांगले असले, तरी ते ज्याला चिकटते तेच कच्चे असेल तर उपयोग नाही. ओतलेल्या काँक्रीटवर सिमेंटची सायीसारखी पातळ, भुसभुशीत परत येते. ती ग्राइंडिंग किंवा शॉट ब्लास्टिंग करून काढावीच लागते. नुसते झाडून, आम्लाने पुसून भागत नाही. नंतर थर किती जोराने ओढला तर सुटतो, याची चाचणी घेता येते. चौरस मिलिमीटरला १.५ न्यूटन हे सर्वसाधारण किमान मानतात.

दुसरा शत्रू ओल. नवे काँक्रीट किमान २८ दिवस मुरू द्यावे, हा नेहमीचा नियम. तरीही जमिनीतून ओल चढत असेल तर इपॉक्सीखाली वाफेचा दाब साठतो आणि फोड येतात. घरगुती म्हणावी अशी एक चाचणी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून जमिनीवर किमान १६ तास ठेवायचा. खाली पाणी जमले किंवा काँक्रीट काळसर झाले, तर ओल आहे. पण कोरडे निघाले म्हणून निश्चिंत होऊ नये. मोठ्या कामात काँक्रीटच्या आतली आर्द्रता मोजून घ्यावी.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम काढले तर हवेतले दवही आड येते. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे लागते, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा थराच्या आड येतो.

फरशी आधीच उखडली असेल तर सुटलेला तुकडा उलटा करून पाहावा. मागे काँक्रीट चिकटून आले असेल तर काँक्रीटचा वरचा भाग कमकुवत होता किंवा उष्णतेच्या ओढाताणीने तो सुटला. तुकडा मागून स्वच्छ निघाला तर पूर्वतयारी किंवा ओल यांत चूक झाली. कोणाची चूक, या वादाचे बरेचसे उत्तर त्या तुकड्यावरच असते.

गुळगुळीत म्हणजे स्वच्छ, पण घसरडीही

ओल्या, तुपकट जमिनीवर कामगार घसरला तर हात-पाय मोडतो. म्हणून ओल्या भागात थरात वाळूचे कण घालून खरखरीतपणा आणतात. पण खरखर जास्त झाली की घाण अडकते आणि मॉप चालत नाही. लोलकाच्या साहाय्याने घसरण मोजण्याची पद्धत आहे. ओल्या जमिनीवर ३६ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर धोका कमी समजतात. त्याआधी एक साधा उपाय करता येतो. दोन-तीन नमुन्यांचे तुकडे मागवावेत, त्यांवर दूध ओतावे, गमबूट घालून चालावे आणि मग ते धुऊन पाहावेत.

पाणी साचूच नये यासाठी दर मीटरला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर उतार लागतो. हा उतार काँक्रीट घालतानाच द्यायचा असतो. रेझिनच्या थराने तो नंतर देता येत नाही. भिंत आणि जमीन यांचा काटकोन गोलाई देऊन मोडावा, म्हणजे कोपऱ्यात घाण साचत नाही. नाल्याच्या कडेला काँक्रीटमध्ये खाच मारून थर आत खोलवर बसवावा, कारण सुटण्याची सुरुवात कडेपासून होते. इमारतीचे प्रसरण सांधे थराखाली झाकून टाकू नयेत. झाकले तर तिथे भेग पडणार हे ठरलेले.

करार करण्यापूर्वी

कोटेशनमध्ये नुसते ‘इपॉक्सी फ्लोअरिंग, इतके चौरस फूट’ लिहिलेले असेल तर ते अपुरे समजावे. रेझिनचा प्रकार, जाडी, सोसणारे कमाल तापमान, पृष्ठभाग तयार करण्याची पद्धत, ओलीची चाचणी कोण करणार आणि सांधे, नाले, कडा यांचे काम कोणाकडे, हे लेखी असावे. मालकानेही आपली बाजू लेखी द्यावी: कोणती रसायने, किती गरम पाणी, किती वजनाच्या ट्रॉल्या, दिवसातून किती वेळा धुणे. ही यादी हाती नसेल तर ठेकेदार अंदाजाने फरशी निवडतो, आणि चुकलेल्या अंदाजाची किंमत प्रकल्प बंद ठेवून मालकालाच मोजावी लागते.