बोलक्या भिंती

भिंतीला कान असतात, असे मराठीत म्हणतात. काही शहरांतील भिंतींना तोंडही असते. उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट हे अशा शहरांपैकी एक होय. तेथील कामगारवस्त्यांत विटांची दुमजली घरे एकमेकांना खेटून ओळीने उभी असतात. ओळीच्या टोकाला असलेल्या घराची बाहेरची भिंत उंच, माथ्याकडे निमुळती होत गेलेली आणि बहुधा बिनखिडक्यांची असते. चित्र काढण्यासाठी इतका मोठा, इतका मोक्याचा फळा दुसरा कोठे मिळणार? गेली शंभराहून अधिक वर्षे या भिंतींवर चित्रे काढली जात आहेत. या वस्तीत कोण राहते, ते कोणाला आपले मानतात आणि त्यांनी कोणाला गमावले आहे, हे सारे रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला ती चित्रे न विचारता सांगून टाकतात.

हे भिंतीवर मांडण्याची गरज का पडावी, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. बेटाचा मोठा भाग पुढे स्वतंत्र राष्ट्र झाला, तर ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. हे सहा परगणे म्हणजेच उत्तर आयर्लंड. तेथील बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट पंथाचे होते आणि त्यांना ब्रिटनशी असलेला संबंध टिकवायचा होता. त्यांना ‘युनियनवादी’ म्हणतात. अल्पसंख्य कॅथलिकांपैकी बहुतेकांना अखंड आयर्लंड हवे होते. ते ‘राष्ट्रवादी’ होत. घरे, नोकऱ्या आणि मतदान यांत आपल्यावर अन्याय होतो, अशी कॅथलिकांची तक्रार होती व ती निराधार नव्हती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली आणि तिच्यापाठोपाठ हिंसाचार भडकला. तो सुमारे ३० वर्षे चालला. त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही बाजूंच्या सशस्त्र संघटना आणि ब्रिटिश सुरक्षा दले अशा सर्वांच्याच हातून माणसे मारली गेली. हा केवळ धर्माचा झगडा होता असे समजणे चुकीचे ठरेल. देश कोणता मानायचा, हा त्यातील खरा प्रश्न होता.

भिंतीवरील चित्रांची प्रथा प्रथम युनियनवाद्यांनी सुरू केली. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम याने कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. या विजयाचा उत्सव दरवर्षी १२ जुलैला होतो. १९०८च्या सुमारास बेलफास्टमध्ये पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या विल्यम राजाचे चित्र भिंतीवर रंगवले गेले आणि पुढे अशी चित्रे दर उन्हाळ्याच्या उत्सवाचा भाग बनली. राष्ट्रवादी वस्त्यांत मात्र कित्येक दशके भिंती जवळपास कोऱ्याच राहिल्या. चित्रकलेचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. सत्ता, पोलीस आणि कायदा ही तिन्ही दुसऱ्या बाजूकडे होती. १९५४च्या ध्वज व चिन्हे यांविषयीच्या कायद्याने तर, शांतताभंग होईल असे वाटल्यास कोणतेही चिन्ह हटवण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. ब्रिटिश ध्वजाला मात्र त्यातून सूट होती. हा कायदा १९८७ मध्ये रद्द झाला. रस्त्यावर कोणाला बोलू दिले जाते आणि कोणाला नाही, हे त्या कोऱ्या भिंतींवरूनही वाचता येत असे.

पहिला ठळक अपवाद घडला तो डेरी शहरात. या शहराचे नावसुद्धा वादाचे आहे. राष्ट्रवादी त्याला डेरी म्हणतात, तर युनियनवादी लंडनडेरी. जानेवारी १९६९ मध्ये तेथील बॉगसाइड या कॅथलिक वस्तीच्या तोंडाशी असलेल्या एका घराच्या भिंतीवर ‘आपण आता मुक्त डेरीत प्रवेश करीत आहात’ अशा अर्थाची अक्षरे रंगवली गेली. पुढे आजूबाजूची घरे पाडण्यात आली. तेवढी एक भिंत मात्र लोकांनी राखून ठेवली. आज ती रस्त्यांच्या मध्ये एकटीच उभी आहे, जणू घर हरवलेली भिंत.

१९८१ मध्ये चित्रांना पूर आला. तुरुंगात असलेल्या ‘आयआरए’ म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेच्या व तिच्यासारख्याच दुसऱ्या एका संघटनेच्या सदस्यांनी राजकीय कैद्यांचा दर्जा मिळावा म्हणून उपोषण आरंभले. बॉबी सँड्स हा उपोषण करीत असतानाच ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि ६६ दिवसांच्या उपोषणानंतर ५ मे १९८१ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यामागून आणखी नऊ कैदी गेले. राष्ट्रवादी वस्त्यांतील तरुणांनी भिंतीमागून भिंती रंगवल्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पुढे बुरखाधारी, बंदूक रोखलेले सैनिक दिसू लागले. रस्त्याच्या कडेचे दगडही रंगले. एका वस्तीत लाल, पांढरे, निळे, तर दुसरीत हिरवे, पांढरे, नारिंगी. आपण हद्द ओलांडली, हे माणसाला पायाखाली पाहूनच कळावे! त्यातच १९६९ पासून दोन्ही वस्त्यांच्या मध्ये ‘शांतता-भिंती’ या नावाच्या उंच भिंती व कुंपणे उभी राहिली. बेलफास्टमधील फॉल्स रोड आणि शँकिल रोड हे दोन रस्ते पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. तरीही एकावरील चित्रे दुसऱ्यावरील रहिवाशांनी क्वचितच पाहिली असतील.

या चित्रांचा खरा श्रोता शत्रू नसून आपलाच माणूस असतो, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. दोन्ही बाजू एकाच वर्षाकडे कशा पाहतात, हे पाहिले म्हणजे हा मुद्दा उलगडतो. १९१६च्या एप्रिलमध्ये डब्लिन येथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्याच वर्षी १ जुलैला फ्रान्समध्ये सोम नदीच्या लढाईत ब्रिटनच्या बाजूने लढताना अल्स्टर प्रांतातील हजारो सैनिक कामी आले. राष्ट्रवाद्यांच्या भिंतीवर १९१६ म्हणजे डब्लिन आणि युनियनवाद्यांच्या भिंतीवर १९१६ म्हणजे सोम. आकडा तोच, हौतात्म्य वेगळे. शेजारी राहणारी, बहुतांशी वेगवेगळ्या शाळांत शिकणारी मुले या दोन भिंतींखाली खेळत वाढली.

चित्रांइतकीच रस्त्यावरील स्मारकेही महत्त्वाची आहेत. कोठे भिंतीवर बसवलेली काळ्या दगडाची पाटी, कोठे कुंपण घातलेली लहानशी बाग, त्यात नावे आणि तारखा. सरकारने सत्य नाकारले तेव्हा अशा स्मारकांनी साक्षीदाराचे काम केले आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. १३ जण त्या दिवशी मरण पावले, आणखी एक जखमी पुढे दगावला. त्याच वर्षीच्या सरकारी चौकशीने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त ठरवले. १९७४ मध्ये बॉगसाइडमध्ये मृतांच्या नावांचा दगडी स्तंभ उभा राहिला आणि दरवर्षी लोक तेथे जमत राहिले. मृत व्यक्तींपैकी कोणाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, हे मान्य करणारा दुसऱ्या चौकशीचा अहवाल येण्यास जून २०१० उजाडले. त्या दिवशी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत क्षमा मागितली. ३६ वर्षे तो स्तंभ जे सांगत होता, ते अखेर शासनाच्या कागदावर आले.

परंतु प्रत्येक स्मारक इतके सरळ नसते. २३ ऑक्टोबर १९९३ रोजी शँकिल रोडवरील मासळीच्या दुकानात आयआरएने बॉम्बस्फोट घडवला. शनिवारची दुपार होती. नऊ निरपराध माणसे ठार झाली आणि बॉम्ब ठेवणाऱ्या दोघांपैकी एकजणही त्यातच मेला. २०१३ मध्ये त्या मेलेल्या बॉम्बधाऱ्याच्या स्मृतीचा फलक त्याच्या वस्तीत लावण्यात आला, तेव्हा स्फोटात आप्त गमावलेल्यांना तो जुन्या जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने तो गेलेला मुलगा होता. दुःख दोन्ही घरी होते, हे खरे. परंतु घरातील तसबीर आणि रस्त्यावरील फलक यांत फरक असतो. रस्त्यावरचा फलक त्या माणसाबरोबर त्याच्या कृत्यालाही मान देतो.

मग ‘बळी’ कोणाला म्हणावे? २००६च्या एका कायद्याने बळी आणि पीडित यांची व्याख्या करताना मारणारा व मारला गेलेला असा भेद केला नाही. २००९ मध्ये एका सल्लागार गटाने मारल्या गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला सरसकट १२,००० पौंड देण्याची सूचना केली. तिच्यावर इतका गदारोळ उठला की सरकारने ती फेटाळली. सर्वांना मान्य असे सर्व मृतांचे एकच स्मारक उत्तर आयर्लंडमध्ये उभे राहू शकले नाही, त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

१० एप्रिल १९९८ रोजी शांतता करार झाला. बंदुका हळूहळू शांत झाल्या, पण भिंतींवरील बंदुका तशाच होत्या. २००६ मध्ये तेथील कला परिषदेने दहशतीची चित्रे बदलण्यासाठी सुमारे ३३ लक्ष पौंडांची योजना आखली. मोबदल्यात आले ते स्थानिक इतिहास, खेळाडू, बेलफास्टमध्येच बांधलेले टायटॅनिक जहाज. २०१२ मध्ये सँडी रो या युनियनवादी वस्तीच्या तोंडावरील प्रसिद्ध बंदूकधाऱ्याच्या जागी विल्यम राजा आला. म्हणजे चाक फिरून पुन्हा १९०८ पाशी आले, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच खोटे नाही. शिवाय, रंगाचा हात फिरवला म्हणजे मन बदलते असेही नाही. २०११ मध्ये पूर्व बेलफास्टमध्ये बंदूकधाऱ्यांची ताजी चित्रे काढली गेलीच होती. दुसरीकडे, ही चित्रे पाहण्यासाठी पर्यटक टॅक्सी करून येऊ लागले आणि काल ज्या भिंतीची भीती वाटे, ती आज छायाचित्रासाठी पाठीमागे घेतली जाऊ लागली. शांतता-भिंती २०२३ पर्यंत हटवण्याचे सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले होते, पण ते साध्य झाले नाही.

तरीही दोन निर्मिती वेगळ्या वाटेने गेलेल्या दिसतात. बॉगसाइडमधील तीन चित्रकारांनी १९९९ मध्ये एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचे चित्र भिंतीवर काढले. १९७१ मध्ये ती गोळी लागून मरण पावली होती. हिरव्या गणवेशातील ती मुलगी ढिगाऱ्यापुढे उभी आहे. बाजूला एक बंदूक आहे आणि वर एक फुलपाखरू. फुलपाखरू चित्रकारांनी मुद्दाम बेरंग ठेवले होते. शांतता खरोखरच टिकेल अशी खात्री पटल्यावरच ते रंगवायचे, असे त्यांनी ठरवले होते. सात वर्षे ते तसेच राहिले. २००६ मध्ये त्यांनी पुन्हा परांची बांधली, फुलपाखरात रंग भरले आणि बंदूक मधोमध मोडलेली दाखवली.

दुसरी निर्मिती ओमा या गावातील. करारानंतर चारच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९८ रोजी, कराराला विरोध करणाऱ्या एका फुटीर गटाने भर बाजारात बॉम्बस्फोट केला. मृतांत प्रोटेस्टंट होते, कॅथलिक होते, स्पेनमधून आलेले पाहुणे होते. येथे एका बाजूचे स्मारक उभारताच आले नसते. पाटीवरील मजकुरावरून वाद झाला खरा, पण दहाव्या स्मृतिदिनी, २००८ मध्ये, स्मारक खुले झाले. त्यावर कोणाचा ध्वज नाही, बंदूक नाही, चेहराही नाही. बागेतील एक फिरता आरसा सूर्याचा प्रकाश पकडून लहान आरशांवर टाकतो आणि तेथून तो प्रकाश स्फोटाच्या जागी उभारलेल्या काचेच्या स्तंभातील हृदयाच्या आकाराच्या स्फटिकापर्यंत पोहोचवला जातो. प्रत्येक लहान आरसा एका मृतासाठी आहे. स्फोटात २९ माणसे गेली. आरसे मात्र ३१ आहेत, कारण मृतांतील एक स्त्री गर्भवती होती आणि तिच्या पोटात जुळी होती.