भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताय? आधी हा हिशोब करा!

स्वतः राहणार नसाल तरी गृहकर्ज मिळतं. पण 'बँक देतेय ना, मग घेऊन टाकू' असं करू नका.

समजा, पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट आहे.

🔸 रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८०% रक्कम मिळते. म्हणजे ४० लाख कर्ज, १० लाख तुमचे.

🔸 मुद्रांक शुल्क ७% धरलं तर साडेतीन लाख, नोंदणी ३० हजार. हे कर्जात धरत नाहीत. म्हणजे खिशातून जवळपास १४ लाख!

🔸 साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. भाडं १५ हजार आलं, तर उरलेले दरमहा पगारातूनच.

🔸 भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३०% प्रमाणित वजावट मिळते, शिवाय कर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत येतो.

🔸 भाडेकरार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मालक स्वतः राहत नसल्याने सोसायटी सेवाशुल्काच्या १०% पर्यंत बिनभोगवटा शुल्क लावू शकते.

माझं मत : सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर अजून थांबा. घर रिकामं राहिलं म्हणून हप्ता थांबत नाही!