मान वळवा, धावपट्टी दिसेल

तंजावरच्या हवाई तळावर २०२० पासून सुखोई विमाने आहेत. शेजारच्या कुंभकोणमला आमच्या घरी सुट्टीत संगणकावरही विमानेच उडतात. उतरण्यापूर्वी वैमानिक मान वळवून धावपट्टी पाहतो. खेळात मात्र त्यासाठी स्टिकवरचा हात काढावा लागतो आणि तेवढ्यात विमान कलंडते. म्हणून मी हेड-ट्रॅकर बनवला.

हेडफोनच्या कडेला तारेच्या चौकटीवर तीन इन्फ्रारेड एलईडी बसवले, त्रिकोणात, पुढेमागे. जोडणी एकसर. प्रत्येकी सुमारे १.४ व्होल्ट, यूएसबीचे ५, उरलेल्या ०.८ साठी २२ ओहमचा रोधक. खरी नाजूक गोष्ट वेबकॅम. भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी काच काढायची आणि पुढे जुन्या रंगीत फिल्मचा काळा पडलेला तुकडा लावायचा. मग कॅमेऱ्याला खोली दिसत नाही, तीन ठिपके दिसतात. त्रिकोण कसा बदलला यावरून ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर डोक्याची दिशा काढते. मिग-२९ च्या वैमानिकाच्या शिरस्त्राणावरही असेच इन्फ्रारेड दिवे असतात!

नजर पडद्यावरच राहायला हवी, म्हणून मान १५ अंश वळली की दृश्य ९० अंश वळेल असे ठरवले. मधली थोडी हालचाल दुर्लक्षित ठेवली, नाहीतर श्वासागणिक क्षितिज डुलते. आता एक हात थ्रॉटलवर, दुसरा स्टिकवर, आणि धावपट्टी डाव्या खांद्यापाशी दिसते.