शहाण्णव नोंदी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. फवारणारा तासात शिरला की बांधावरून दिसत नसे. पाठीवरच्या पंपातून उडालेले तुषार पानांवर पडत, तसेच त्याच्या डोळ्यांत आणि नाकातोंडातही जात. हवा दमट, गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला न जुमानणारी, आणि दोन-तीन औषधे एकाच बादलीत कालवायची पडलेली सवय. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, सुमारे ८०० जणांना उपचार घ्यावे लागले. त्यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. म्हणजे आठशे माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकाच हंगामात एकच निष्काळजीपणा केला!

एकट्याला झालेली विषबाधा त्याची चूक ठरते, शेजारच्या वावरातली दुसरी योगायोग ठरते. अशा शंभर घटना एका कागदावर आल्या, की प्रश्न माणसाकडून बाटलीकडे वळतो. बाधितांनी गावोगाव एकत्र येण्याचे मोल मला या मोजणीत दिसते. मोर्च्याचे फोटो छापून येतात, मोजणीचे येत नाहीत, एवढाच फरक. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली सरकारने विशेष तपास पथक नेमले ते पुष्कळ आरडाओरडा झाल्यावर. पण पुढे कामाला आले ते पोलिसांचे कागद. ‘पोलो’ या कीटकनाशकाशी जोडलेल्या ९६ विषबाधा त्यांत नोंदवलेल्या होत्या, पैकी दोघांचा मृत्यू झाला होता. ठाण्याठाण्यांत सुटे राहिले असते तर या कागदांना रद्दीपलीकडे किंमत नव्हती. ‘महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉइझन्ड पर्सन्स’ ही बाधितांची संघटना, पॅन इंडिया, स्वित्झर्लंडमधील पब्लिक आय आणि बर्लिनची ईसीसीएचआर या संस्थांनी ते एकत्र वाचले. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने ‘पोलो’ विकणाऱ्या, स्वित्झर्लंडस्थित सिंजेंटा कंपनीविरुद्ध ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या तिथल्या संपर्क केंद्राकडे तक्रार गेली. २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी बाझेलच्या दिवाणी न्यायालयापर्यंत पोहोचले. आपल्या उत्पादनामुळे ही हानी झाली, हे कंपनीने नाकारले आहे.

तरीही मास्कचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. संरक्षक साधनांनी धोका कमी होतो हे खरेच. पण ऑगस्टच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा घालून, पंपामागे मजुरी घेणाऱ्याने दिवसभर फवारत राहावे, हा सल्ला फक्त कागदावर शक्य आहे. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकविषयक आचारसंहिताही हेच मानते: ज्या औषधांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधने लागतात, ती उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या हाती देणे टाळावे. ‘पोलो’मधील डायफेन्थियुरॉन युरोपीय संघात आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला मनाई आहे. जानेवारी २०२१ पासून स्विस सरकारने त्याची आणि प्रोफेनोफॉस या आणखी एका कीटकनाशकाची निर्यातही थांबवली. त्याचे श्रेय यवतमाळला देण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. निर्यातबंदीची चर्चा स्वित्झर्लंडमध्ये आधीपासून सुरू होती.

दुसरा आक्षेप असा की परदेशी संस्थांच्या नादी लागून वर्षे जातात आणि हाती काही पडत नाही. उशीर होतो, हे कबूल. केरळातल्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर १९७० च्या दशकापासून हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये, आणि बाधितांना पाच-पाच लाख तीन महिन्यांत द्या असा आदेश २०१७ मध्ये. पण तिथेही घरोघरची आजारपणे एकत्र मांडली गेली नसती, तर न्यायालयापुढे ठेवायला काय होते?

मला खरी काळजी वाटते ती बाधितांच्या या एकजुटीच्या आतल्या भेगेची. फवारणारा पुष्कळदा भूमिहीन असतो आणि औषध विकत घेतो मालक. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात मदत योजनेची रचना सातबाऱ्यावर उभी. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही तो मजूर तिथे उपराच. कृषी केंद्रातला व्यवहार उधारीचा, पावती मिळालीच तर मालकाच्या खिशात. मजुराला चक्कर आली की त्याला दवाखान्यात पोहोचवायची धांदल उडते, आणि बाटली धुऱ्यावर पडून राहते. डॉक्टरांना त्या वेळी हवे असते ते तिच्यावरचे नाव. म्हणून बाधितांच्या ज्या गावसमितीत मजूर नाही तिची मोजणी अर्धीच राहणार. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम २६ नुसार विषबाधेची खबर देणे राज्य सरकार सक्तीचे करू शकते. ही खबर दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्यांचीही असावी, असा ठराव ग्रामसभेला करता येईल. त्याला एका सभेपलीकडे खर्च नाही. फवारणीच्या दिवशी मजुराला पावतीची झेरॉक्स द्यायची, रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत गोठ्याला कुलूप लावून आत ठेवायची, हे मात्र मालकानेच करायचे आहे.