अंगणातले पाऊसपाणी ड्रेनेजला जोडू नका

छत्रपती संभाजीनगरातल्या उस्मानपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत घराची डागडुजी निघाली, की अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवण्याची इच्छा होतेच. माती झाकली जाते, पाणी मुरेनासे होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते उंबऱ्याला लागते. मग सर्वांत सोपा वाटणारा उपाय पुढे येतो : कोपऱ्यात जाळी बसवायची आणि तिचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडायचा. हा उपाय चुकीचा आहे. ती लाइन मैलापाण्यासाठी आखलेली असते, पावसासाठी नव्हे.

साधा हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या फरसबंद अंगणात तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर अडीच हजार लिटर पाणी जमते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दररोज 135 लिटर धरतात आणि त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. म्हणजे पाच माणसांच्या घराचे दिवसाचे सांडपाणी साधारण 540 लिटर. त्याच्या साडेचारपटीहून अधिक पाणी एकटे अंगण एका तासात लाइनमध्ये ढकलते. गल्लीतल्या दहा घरांनी हेच केले, तर चेंबर उफाळतात आणि मैला सखल भागातल्या घरांत शिरतो. कधी तो आपण बसवलेल्या जाळीतूनच आपल्या अंगणात परत येतो.

यावर कोणी म्हणेल, अंगण धुतल्याचे, भांडी-कपड्यांचे साबणाचे पाणी मग सोडायचे कुठे? ते ड्रेनेजमध्येच जायला हवे. त्यासाठी धुण्याची जागा थोडी उंच करून तिला कडा बांधावी आणि तेवढेच पाणी ट्रॅपमधून लाइनला द्यावे. ट्रॅपमध्ये पाणी राहिले, की दुर्गंधी आणि झुरळे वर येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी मुरणार कसे? अखंड खडकात ते मुरत नाही, हे खरेच. पण वरच्या मुरमाच्या थरात मुरते. म्हणून खोदून थर तपासावा, पायापासून पुरेसे अंतर ठेवून शोषखड्डा करावा आणि त्याआधी गाळ बसण्यासाठी छोटा चेंबर द्यावा. खड्डा झाकलेला असला, की डासांची भीती उरत नाही. जागाच नसेल, तर जादा पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडावे. मात्र ते गटार खरोखर पावसाळीच आहे, याची महापालिकेकडून खात्री करून घ्यावी. फरशीला दर दहा फुटांमागे सव्वा इंच ढाळ, तोही घरापासून दूर, एवढे पुरते.

हे शहर सतराव्या शतकात मलिक अंबरच्या नहरींवर वाढले; डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या बळावर वस्तीत आणले गेले. आज आपण जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचे पाणी पंपाने उपसून आणतो आणि नळाला पाणी येण्याची दिवसचे दिवस वाट पाहतो. वर्षाला सरासरी 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर त्याच पन्नास चौरस मीटरवर सुमारे 35 हजार लिटर पाणी पडते. ते मैल्यात मिसळून शुद्धीकरण केंद्रावर लादणे म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया घालवणे. फरशीचे काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीला बजावा : मैल्याची वाट वेगळी, पावसाची वेगळी.